वहिनी, पहिले मी घेतो

बायकोच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आम्ही बदलापूरहून मुंबईच्या इस्पितळात जायचो, तेव्हा उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले तिथे हमखास भेटायचे. त्यांनाही तोच आजार होता. "सब फर्स्टक्लास ना?" असं विचारून उत्तराआधीच पापड पुढे करायचे.

एकदा डॉक्टरांनी बायकोला आणि त्यांना, दोघांनाही विचारलं, "नव्या औषधाच्या चाचणीत येता का? विचार करून सांगा."

बायको घाबरली. "आपण काय उंदीर आहोत?"

"वहिनी, पहिले मी घेतो. तुम्ही बघा, मग ठरवा," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते आले, तर डोक्यावर एक केस नव्हता. बायकोचा चेहराच उतरला. त्यांनी माझ्यापुढे डोकं वाकवलं. "हात लावून बघा भाऊ, एकदम मलमल!"

आजारपणात पहिल्यांदाच बायको खळखळून हसली. मग डॉक्टरांना म्हणाली, "माझंही नाव घाला."