शेजारणीची पात

आठ ऑगस्ट २०२४. वडनेर भोलजीच्या शिवारात सोयाबीन निंदायला सात बाया.

कलाबाई तापातून उठून आली होती. मागे राहणारीला उद्यापासून बोलावणार नाही, असे मुकादमाने बजावले होते. कडेच्या पातीवर, वाट्याला आलेल्या ओळीत, तिचे खुरपे मंदावले. शेजारच्या सत्यभामाबाईने स्वतःची पात सांभाळून तिच्याही ओळीतले तण काढायला घेतले. त्यामुळे तीही हळू झाली, तिला पाहून पलीकडची, आणि कोणाच्या हुकुमाविना सगळी रांग एका चालीवर आली.

“माह्यापायी काऊन थांबून राह्यली वं?”

“थांबलं कोन? तू खुरपं चालव, तोंड मंग चालव.”

सातही जणी बरोबरच बांधाला लागल्या. मुकादमाला मागे राहिलेली कोणी दिसली नाही. कलाबाईचे काम टिकले.

मजुरी सर्वांना सारखी मिळाली. सत्यभामाबाईने कलाबाईच्या पातीत केलेले काम कोणाच्याच हिशेबात आले नाही; त्याची मजुरी बाकी आहे.