जावेच्या भरावावरची शेवळं

जावेच्या भरावावर शेवळं उगवली हे कळलं तेव्हा माझ्या अंगाची लाहीलाही झाली. खोटं कशाला बोलू? तिच्या नवऱ्याने गाडी घेतली तेव्हा मी पेढा खाल्ला. त्यांचं गोडाऊन भाड्याने गेलं तेव्हाही हसून दाखवलं. पण शेवळं? शेवळं माझी होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवळाचा कांदा वर्षभर जमिनीत झोपलेला असतो. पावसाच्या तोंडावर, उन्हाने जीव नकोसा झालेला असताना, तो जांभळट कोंब वर काढतो. तो खुडायचा, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं घालून शिजवायचा. काकड म्हणजे आवळ्याएवढं आंबट रानफळ. ते घातलं नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका. आमच्या बांधाच्या उतारावर शेवळं यायची, आणि ती खायला वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, दर साली खारबावहून माहेरी यायच्या. खारबावला त्यांची खाडीकाठची खारट जमीन, तिथे कुठली शेवळं! आल्या की माझ्याकडे जेवायच्या, जावेकडे नुसता चहा. या घरातली थोरली सून मी आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसायचं. मला तेवढं पुरत होतं.

मग धाकट्या दिराने गोडाऊनसाठी बांधापलीकडचा आपला वाटा भरायला काढला. डंपरमागून डंपर. अंबाडीकडचा कुठला तरी डोंगर फोडून आणलेला लाल मुरूम. त्यांची जमीन पुरुषभर वर आली आणि माझ्या वाट्यातलं पाणी जायची वाटच बुजली. आम्ही भरायचं नाही म्हटलं होतं. भात लावायचं, घरचा तांदूळ खायचा. झालं काय? पहिल्या साली भाताच्या रोपांचं आवण कुजलं. दुसऱ्या साली भाताऐवजी लव्हाळा माजला, मग पाणकणीस आलं, आणि त्यांच्या मागोमाग, गुलाबी फुलं मिरवत, बेशरम. हो, त्या झुडपाचं नावच बेशरम आहे. तोडा, उपटा, फेकून द्या, पडेल तिथे पुन्हा मूळ धरतं. बांधाच्या पायथ्याला उन्हाळ्यातही पाणी साचून राहिलं आणि शेवळाचे कांदे आतल्या आत सडले. मी उकरून पाहिलं तर हाताला नुसता लगदा लागला.

तिच्या भरावावर आधी काही उगवत नव्हतं, तेव्हा मला बरं वाटायचं. मग टाकळा आला, गाजरगवत आलं, कडेने रानमोडी आली. मी मनात म्हटलं, घे, हेच पिकव आता. आणि या साली गोडाऊनच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात शेवळं! डोंगराची वरची माती मुरुमाबरोबर आली, तिच्यातून कांदे आले, वर पाणी साचत नाही म्हणून जगले. एवढंच. त्यात बाईसाहेबांचं कर्तृत्व ते काय? पण ती बांधावर उभी राहून ओरडली, "ताई, बघा तरी, आमच्याकडं शेवळं आलीत!" आमच्याकडं म्हणे!

वन्संना फोन तिनेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली. "ताई, काकडं हायत का? वन्सं जेवाला येतायत." काकडाचं झाड माझ्या परसात. ती शहरातल्या निजामपुऱ्यात वाढलेली, कापडाच्या लूमच्या खडखडाटात, तिला काकड कशाशी खातात हे लग्नाआधी ठाऊक नव्हतं. सगळं माझ्या चुलीशी उभी राहून शिकली. क्षणभर मनात आलं, नाही म्हणावं, खाजू देत घसे. पण घसा वन्संचाही होता. ओंजळभर दिली, आणि वर ऐकवलंच, "कोलंबीचे सोडे घालशील ना? का तेही माझ्याकडून नेतेस?" ती हसली. तिला टोमणा लागतच नाही, हेही माझं दुखणं.

दुपारी वन्सं तिच्या डायनिंग टेबलावर बसून जेवल्या. मलाही बोलावलं होतं, गेले. पहिला घास घेऊन त्या मला म्हणाल्या, "वैनी, डिट्टो तुझ्या हातची चव हाय." कौतुक कुणाचं झालं ते मला आजवर कळलेलं नाही. माझा मात्र तिळपापड झाला.

ताटं उचलून होताच मी घरून कुदळ आणली आणि सरळ सांगितलं, "मला कांदे पाहिजेत. माझ्या बांधावर लावणार." मला वाटलं, ही कुरकुरेल. मग मी मोजून चार शब्द सुनावणार होते. तर ही म्हणते, "सगळेच न्या ना ताई. तिथं गोडाऊनचा नवा गाळा येतोय. गुरुवारी काँक्रीट पडणार."

जिच्यावर जळत होते तिचं सुख एवढुसं, गुरुवारपर्यंतचं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. दोघींनी मिळून कांदे काढले. पदर भरून मी बांधावर आले आणि तिथेच थांबले. लावू कुठे? डोळ्यासमोर सगळं पाणी आणि बेशरम. परसात काकड सोडला तर फरशी. कोरडी माती अशी माझ्याकडे उरलीच नव्हती. रडू आलं, ते रागाचं होतं की कसलं, देव जाणे.

वन्सं मागून आल्या होत्या. म्हणाल्या, "मना दे. आमच्या बंगल्यामागं लाल मातीचा भराव टाकलाय, चिकूची सावली हाय. तिथं जगतील." मी पदर रिकामा केला. दुसरं काय करणार? लावायला काकडाची फांदीही त्यांनी मागितली, मी तोडून दिली.

रिक्षात बसल्यावर वन्सं खुशीत होत्या. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "बरं झालं बाय. आता दर साली इथवर खेप घालाची गरज न्हाय."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघी जावा रस्त्यातच उभ्या होतो. हात मातीने माखलेले. ती म्हणाली, "ताई, वन्सं आता येतील ना हो?"

"कशाला येतील?" मी म्हटलं.