डाव्या गालाचा दस्ता

“पहिला नमुना फसायलाच जन्माला येतो,” असं नमुनेमिस्त्री म्हणायचे. चहा सांडला तरी तेच, छत्री उलटी झाली तरी तेच. एकदा थोरल्या मुलाच्या परीक्षेचा निकाल ऐकून नेमकं हेच वाक्य त्यांच्या तोंडून गेलं, आणि पोरगा असा रुसला की त्याला जेवायला बसवताना आईच्या नाकी नऊ आले. “तुमच्या जिभेला काही पोच?” असं बायकोने विचारलं. मिस्त्री म्हणाले, “अगं, मी बंदुकीबद्दल बोलत होतो.”

बंदुकीबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. गावाबाहेरच्या कारखान्यात रायफली पोत्यातून धान्य सांडावं तशा तयार होत. पण त्याच आवारात, चिंचोळ्या पत्र्याच्या शेडमध्ये, अजून जगात नसलेल्या बंदुका बनत. प्रत्येकीचा आधी एकच नमुना. तो पास झाला तर मोठ्या शेडमध्ये तिच्या हजार बहिणी जन्माला यायच्या, नापास झाला तर ती एकटीच कोठीत जाऊन उभी राहायची. कोठी अशा एकट्यांनी भरली होती. एकीला दोन नळ्या आणि चाप एकच. दोन्ही बार एकदम उडाले आणि चाचणी घेणारा हवालदार पाठीवर पडून आभाळ बघत राहिला. एकीची नळी वाकडी, भिंतीच्या कोपऱ्याआडून गोळी मारायला; गोळीला ते वळण मानवलं नाही, ती आतच फुटली. एकीचं मॅगझिन नळीच्या डोक्यावर उभं, त्यामुळे नेम धरणाऱ्याला मॅगझिन दिसे आणि शत्रूला नेम धरणारा. अशा साऱ्यांना लाकडाचं अंग मिस्त्रींनी दिलं होतं. खांद्याला टेकतो तो दस्ता, हाताला लागते ती पकड, सगळं अक्रोडाच्या लाकडातून, रंध्याने आणि काचेच्या तुकड्याने तासून.

मिस्त्रींची एक पद्धत होती. ते म्हणत, लोखंडाचं माप कागदावरून घेता येतं, लाकडाचं अंगावरूनच घ्यावं लागतं. आणि अंग म्हणजे घरातलं अंग. कारखान्याच्या फाटकातून लाकडाचा भुसासुद्धा बाहेर नेता येत नसे, म्हणून ते मनात आकार धरून घरी येत, जुन्या खोक्याच्या फळीतून तसाच ओबडधोबड दस्ता कोरत, त्याला खडूची पूड चोळत आणि हाक मारत.

“अगं, जरा इकडे ये.”

“हाताला साबण आहे.”

“तर फारच छान. घसरतो का ते कळेल.”

बायको पदराला हात पुसत येई, दस्ता खांद्याला लावी, गाल टेकवी. जिथली पूड तिच्या गालाला लागली तिथं लाकूड जास्त, असं समजून मिस्त्री तासत. मग पुन्हा पूड, पुन्हा गाल. गल्लीतल्या वाण्याला सवय झाली होती. पांढऱ्या गालाने ती साखर घ्यायला आली की तो विचारी, “नवी बंदूक निघाली वाटतं?”

आता या बाईचं एक होतं. ती डावरी होती. घास तेवढा उजव्या हाताने घेई, कारण लहानपणी त्यासाठी फटके खाल्ले होते. बाकी सुई, केरसुणी, पोरांच्या पाठीत धपाटा, सगळं डाव्याने. लाकडातला केसाएवढा तिरपेपणा पकडणाऱ्या मिस्त्रींना आपली बायको कुठल्या हाताने काम करते, हे इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. पाटाचा तिरपेपणा मात्र त्यांना जेवतानासुद्धा दिसे.

बाकीच्या दस्त्यांना हे चाललं, कारण ते दोन्ही बाजूंनी सारखे असत. पण मग आखूड रायफल आली. तिचं सारं यंत्र मागे दस्त्यातच बसवलेलं, म्हणजे बंदूक लांबीला कमी आणि गाडीत बसूनही वळवता येईल. अडचण अशी की नेम धरताना गाल तापल्या लोखंडावर येई. “एका बाजूला लाकडाची उशी बसवा,” असं साहेबांनी सांगितलं. असली बंदूक कुणी पाहिलीच नव्हती, तेव्हा ती उशी कुठल्या बाजूला, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मिस्त्रींनी घरी येऊन हाक मारली. बायकोने गाल दिला. असा गाल त्यांनी आधी कधी कोरला नव्हता. हाडाचा उंचवटा, त्याखालची हलकी खोली, जबड्याकडे उतरत जाणारी कड, सगळं लाकडात उतरलं.

चाचणीच्या दिवशी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि भिंतीकडे बघत बसले.

“झाली का पास?” तिने विचारलं.

“गालाचं फार बोलणं झालं,” मिस्त्री म्हणाले. आणि आंघोळीला गेले.

तेवढ्या वाक्यावर तिने मजले चढवले. मिस्त्रींची थोरली बहीण, म्हणजे तिची नणंद, नवऱ्याच्या हुद्द्याचा पाढा वाचायला लागली की ही हळूच म्हणे, “आमचं काय ताई, आम्ही साधी माणसं. सीमेवर जवान गाल टेकतात तिथं आधी माझा टेकलाय, एवढंच.” नणंदेची जीभ भावाच्या पटाशीहून धारदार. ती म्हणे, “दाखव की मग.” पण कोठीत बाहेरच्यांना मज्जाव होता, आणि त्या मज्जावाच्या आडोशाला तिचा मान वर्षानुवर्षं सुखाने नांदला.

मिस्त्री निवृत्त झाले त्याच वर्षी नमुन्यांची शेड बंद झाली आणि कोठी एक दिवस कामगारांच्या घरच्यांसाठी उघडली. मिस्त्रींचा गुडघा आदल्या दिवसापासून दुखू लागला. “जुनं लोखंड बघायला काय जायचं?” ते म्हणाले. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं. नणंद तर निरोपाआधीच दारात हजर. मग मिस्त्रीही लंगडत मागून निघाले.

कोठीवाला मिस्त्रींचा जुना सोबती, दाढीत हसणारा. बंदुका निकामी करून मांडल्या होत्या. “या वहिनी,” तो म्हणाला, “तुमची इथे आहे.” आणि त्याने आखूड रायफल काढून दिली. ती हिच्या हातात पडायच्या आत नणंदेने घेतली, उजव्या खांद्याला लावली. गाल टेकवायला गेली तर गालाखाली नुसतं लोखंड. उशी पलीकडच्या अंगाला.

“अशी कशी गं ही?”

“चाचणीला हवालदारही हेच म्हणाला,” कोठीवाला म्हणाला. “वर गालाला हा चटका. साहेबांनी विचारलं, मिस्त्री, हा गाल कुणाचा? मिस्त्री म्हणाले, घरचा. तेव्हापासून ही इथंच आहे.”

मिस्त्री छताकडे बघत होते. तिने नणंदेच्या हातून रायफल घेतली. डाव्या खांद्याला लावली आणि गाल टेकवला. हाडाच्या उंचवट्यापासून जबड्याच्या कडेपर्यंत तोच आकार. अक्रोड थंड होतं, गुळगुळीत होतं, आणि तिच्या तरुणपणीच्या भरल्या गालाच्या मापाचं होतं. आताचा गाल त्यात थोडा सैल बसला.

“म्हणजे,” नणंद सावकाश म्हणाली, चव घेत, “एकाही जवानाचा गाल हिला लागला नाही म्हण की.”

कोठीवाल्याने दाढी खाजवली. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने गाल उचलला नाही.

“बरंच झालं की, ताई,” ती तिथूनच म्हणाली. “परक्यांचे गाल कशाला?”

नणंदेने पदर सावरला आणि शेजारच्या बंदुकीची वाकडी नळी निरखायला घेतली.

“मी चहाचं बघून येतो,” मिस्त्री म्हणाले आणि वळले. गुडघा दुखायचं विसरून गेला होता.

“अहो,” तिने हाक मारली. “पहिला फसला. दुसऱ्या नमुन्याला गाल कुणाचा घेतलात?”

मिस्त्री थांबले. वळून न बघता त्यांनी कोठीवाल्याकडे अंगठा केला.

“याचा. दाढीसकट. तोही नापास झाला.”

आणि ते बंदुकांच्या दोन ओळींमधून चालू लागले, पाठ ताठ, हात मागे बांधलेले, वाटेत एका दस्त्यावरची धूळ बोटाने पुसत. दारातल्या उजेडात त्यांची टोपी लहान लहान होत गेली. ती रायफल खाली न ठेवता, डावा डोळा उघडा ठेवून, नळीच्या टोकावरून त्यांच्याकडे बघत होती. आणि कोठीवाला तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं बंदुका सांभाळून त्याने इतका स्थिर नेम कुणाचा पाहिला नव्हता.