मावसाजींचा पंच

एखादी गोष्ट ‘एकदम सोपी हाये’ असं आमच्या मावसाजींनी म्हटलं की घरातली शहाणी माणसं चार दिवस परगावी निघून जात. मी शहाणा नव्हतो. ब्रह्मपुरीच्या शाळेत नवीनच मास्तर म्हणून लागलो होतो, मावशीकडे राहत होतो, आणि जायला दुसरं गावच नव्हतं. त्यामुळे मावसाजींच्या बहुतेक सगळ्या सोप्या गोष्टी माझ्या अंगावरून गेल्या. त्यातली सगळ्यांत सोपी म्हणजे दिवाळीचा पंच.

मावसाजी जंगल खात्यात कारकून होते. तरुणपणी आलापल्लीकडच्या जंगलात एका गोऱ्या साहेबाच्या तंबूत त्यांनी नाताळचा पंच होताना पाहिला होता. फळांचा रस, साखर, लिंबू, मसाला आणि सोडा, अशा पाच वस्तू. साहेबानं सहावी वस्तू बाटलीतून ओतली तेव्हा मावसाजींनी डोळे मिटून घेतले, म्हणून ती त्यांच्या कृतीत कधी आली नाही. बाकी मात्र सगळं साहेबी. “मास्तर, यात काईच नाई. रस काढाचा, सोडा टाकाचा, झालं!” असं ते मला सांगत, आणि तीन दिवस घरात कुणाला धड जेवण मिळत नसे.

पहिल्या दिवशी नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीनं संत्र्यांच्या करंड्या येत. मावसाजी प्रत्येक संत्रं कानाशी धरून हलवत. ते काय ऐकत, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशीच्या कोऱ्या लुगड्यातून रस गाळला जाई. पंच पितळेच्या घंगाळातच व्हायला हवा, हा त्यांचा हट्ट. “आंबट कळकंल त्यात!” असं मावशी ओरडली की ते घंगाळ डोक्यावर घेऊन कल्हईवाल्याकडे पळत. बर्फ गावात मिळत नसे. मग रसाच्या कळशा दोराला बांधून विहिरीत सोडायच्या, आणि पाण्याला येणाऱ्या बायांना मावसाजींनी हात जोडून सांगायचं, “बाई, बादली जरा आस्ते सोडा, खाली पंच हाये.” बाया वाकून खाली बघत आणि घाबरून घरी जात.

एका वर्षी त्यांनी गावभर आमंत्रणं केली. “पाडव्याले आमच्या घरी पंच हाये. सगळ्यायनं या.” आमच्या आळीत दोन भाऊ राहत. धानाच्या शेतांमधल्या एका बांधावरून चार वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. एकाची बायको अंगणात आली तर दुसऱ्याची आत जाई. दोघांनीही आमंत्रणातल्या ‘पंच’चा वेगळाच अर्थ लावला. पाडव्याला सकाळी दोघे धुतलेली धोतरं नेसून, काखेत कागदांची गुंडाळी घेऊन आले आणि अंगणाच्या दोन टोकांना पाठ फिरवून बसले.

बराच वेळ कुणी न्यायनिवाड्याचं काढीना. शेवटी थोरला उठला. “भाऊ, पंच कुठी हायेत?”

“घंगाळात,” मावसाजी म्हणाले.

“काऊन मस्करी करून राह्यले? चार साल झाले, मले झोप नाई!” थोरल्याचा आवाज चिरकला. तो कागद सावरत घंगाळापाशी आला. मी हसू दाबत होतो, ते तिथंच विरलं.

नेमकं त्याच वेळी गावातले सोडेवाले चाचा गोटी सोड्याची पहिली बाटली फोडत होते. मावसाजींनी त्यांना दहा वेळा बजावलं होतं, “चाचा, सोडा शेवटी, अन् कडेकडेनं.” पण भांडण बघताना चाचांचा अंगठा घसरला. गोटी दबली, बाटली फुसफुसली आणि सगळा फवारा थोरल्याच्या तोंडावर.

धाकटा कधी उठला ते कुणाला कळलंच नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून तो भावाचं तोंड पुसत होता. “दादा, डोयात गेलं का?”

थोरल्यानं डोळे उघडले. समोर कोण आहे ते नीट पाहिलं.

“नाई,” तो म्हणाला. “नाकात गेलं.”

आणि त्याला अशी काही शिंक आली की आधी धाकटा हसला, मग तो, आणि मग सगळं अंगण. बांधाचा निकाल त्या दिवशी लागला नाही. तो दोघांनी उन्हाळ्यात, स्वतःच मोजणीचा दोर धरून लावला. पण त्या सकाळी दोघांनी एकाच लोट्यातून पंच प्याला. मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मावसाजी तेवढे चिडलेले होते. “एका बाटलीची हवा फुकट गेली,” असं ते आठवडाभर म्हणत होते.

पुढे माझी चांद्याला बदली झाली. काही वर्षांनी मावशी गेली. त्यानंतरच्या दिवाळीत मी मुद्दाम मावसाजींकडे गेलो. ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी पिशवी पुढे केली. “मावसाजी, संत्री आणली आहेत. पंच करू या?”

त्यांनी पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे. “दोघांचा नाई होत रे तो,” ते हळूच म्हणाले. “कमीत कमी वीस माणसं पाह्यजेत.”

मग त्यांनी एक संत्रं काढून सोललं. बिया काढल्या, शिरा काढल्या, आणि सवयीनं तीन वाटे केले. तिसरा वाटा बराच वेळ आम्हां दोघांच्या मध्ये तसाच पडून होता.