बेसवाला लिंबाजी

लिंबाजीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आष्टीच्या बाजारात एका माणसाला मारत होता. आम्ही कार्यक्रमाला निघालो होतो आणि आमचा टेम्पो गर्दीत अडकला होता. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. डाव्या हाताने त्या माणसाची गचांडी धरलेली आणि उजव्या हाताने एकेक थप्पड, मध्ये सारखंच अंतर सोडून. शेळ्या विकायला आलेला तो माणूस दर थपडेला "चुकलं, बप्पा" म्हणत होता, नाकातलं रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होतं, आणि आजूबाजूचे लोक शेळ्यांचे दात तपासण्यात गुंग असल्याचं सोंग करत होते. माझा थोरला भाऊ अण्णा आमची ऑर्केस्ट्रा पार्टी चालवतो, की-बोर्ड तोच वाजवतो, मी गाते. तो खिडकीतून बघत पुटपुटला, "शोभे, ह्या राक्षसाचा ठेका बघ. जरा बी हालत न्हाई." मला लिंबाजीपेक्षा अण्णाचाच जास्त राग आला. माणूस रक्तबंबाळ होतोय आणि ह्याला ठेका दिसतोय.

लिंबाजी मेंढरामागे हिंडणाऱ्या घरातला. एका पुढाऱ्याने त्याचे पंजे बघितले आणि त्याला कळपातून उचलून थेट जीपमध्ये बसवलं. त्या जीपमध्ये आधीपासून दत्ता होता. दोघांत कामाची वाटणी होती: बोलायचं दत्ताने आणि मारायचं लिंबाजीने. कुणाची जमीन, कुणाचं मत, कुणाचं तोंड, जे काही पुढाऱ्याला हवं असेल ते हे दोघे जाऊन घेऊन येत. लिंबाजीला त्यातलं बरंवाईट कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण पोटाला लागत होतं आणि लोक वाट सोडून उभे राहत होते, तेवढ्यावर त्याचं भागत होतं.

मग त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बाहेरगावचा मोठा ऑर्केस्ट्रा आला आणि बंदोबस्त म्हणून लिंबाजीला स्पीकरच्या भिंतीशेजारी उभं केलं. पुढचं त्यानेच मला सांगितलं. "ताई, एकदम छातीत बुक्की बसली. गरकन मागं वळलो, तर कुणीच न्हाई. परत बसली. म्हनलं, आज कुणाचं मरण आलंय? मंग बघितलं तर कोपऱ्यात एक पाप्याचं पितर चार तारांची गिटार घेऊन उभं. एवढुसा गडी, आन मला मारतोय!" जन्मभर दुसऱ्याला मारणाऱ्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा न दुखवता मारलं होतं, आणि त्याला ते आवडलं होतं.

त्याने मोबाईलवर सगळ्यात स्वस्त बेस गिटार शोधली आणि मागवली. ती कुरिअरने तेलगावला आली तशी तो खोक्यासकट आमच्या दारात घेऊन आला. आईने त्याला बघून देवासमोरची समई आत नेली. अण्णाही घाबरला होता, पण त्याला बेसवाला हवा होता आणि आष्टीचा ठेका तो विसरला नव्हता. त्याने एकच अट घातली. "माझ्या पार्टीत हात उचलायचा न्हाई. ज्या दिवशी उचलशील त्या दिवशी ही फळी घिऊन घरी जायचं. कुणी बी मारू, कसं बी मारू." लिंबाजीने गिटार छातीशी धरून विचार केला आणि म्हणाला, "हात मोकळा ऱ्हायला तर उचलंल ना?" तिकडे पुढाऱ्याने हसून सोडून दिलं. हौस आहे, फिटली की येईल परत, असं दत्ता सगळीकडे सांगत सुटला.

ती गिटार म्हणजे एक सोंगच होतं. काळा रंग, लाकूड कसलं तर दाबलेला भुसा, आणि तारा फळीपासून इतक्या वर की दाबताना बोटं कापावीत. टेम्पोत ऊन लागलं की तिची मान वाकायची. मग लिंबाजी चावी घेऊन मानेतली सळई हळूहळू आवळत बसायचा. मांडवातली वायरिंग आमच्याकडे कशी असते ते सांगायला नको. तारांतून बोटांना झटके बसायचे. मी ओरडायचे, तर म्हणायचा, "करंट मारतीय म्हंजी जित्ती हाय." तो तिला 'काळी' म्हणायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अण्णाने त्याला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, आवरलं. त्याचा उजवा हात अजून थपडेचाच होता. पहिल्या महिन्यात त्याने सगळ्यात जाड तार तोडली. दुकानदार म्हणाला, ही तार तुटते हे मला आजच कळलं. डाव्या हाताची करंगळी कुठल्यातरी मारामारीत मोडून वाकडीच बसलेली, त्यामुळे तो तीन बोटांवर वाजवायचा. पण एकदा ठेका धरला की धरला. त्या जाड तारेवर त्याचा भारी जीव. "लई शहाणी हाय ही, ताई. वरडत न्हाई. वरच्या तारा बायकांसारख्या किचकिच करतात, ही निस्ती बसून ऱ्हाती." मी म्हटलं, "मी बी बाईच हाय, जपून बोल." तर कान धरून म्हणाला, "तुमी गाता, ती गोष्ट येगळी."

आमच्या भागात ऑर्केस्ट्रा ठेवला म्हणजे भांडणालाही अक्षता दिल्यासारखं असतं. माइकवरून एका पाहुण्याचं नाव आधी घेतलं की दुसऱ्याचे लोक उठलेच. खुर्च्या उडतात, डोकी फुटतात. त्यासाठी अण्णाचा एक कायदा आहे: भांडण लागलं की वाजवणं थांबवायचं नाही. वाजणं थांबलं की बसलेली माणसं उठतात, आणि एकदा अख्खा मांडव उठला की कोण कुणाला मारतंय ते देवालाही कळत नाही. माझं गाणं तुटलं तरी चालेल, की-बोर्ड बंद पडला तरी चालेल, पण ढोलकी आणि बेस चालू हवेत. लिंबाजीच्या कपाळावर एकदा सोड्याची बाटली फुटली. रक्त पापणीवर आलं, तर त्याने डोळा मिटून घेतला आणि वाजवत राहिला.

पण राग गेला होता असं समजू नका. तेलगावच्या एका लग्नात नवरदेवाचा दारू प्यालेला चुलतभाऊ स्टेजवर चढला आणि हसत हसत त्याने लिंबाजीच्या मुस्काटात मारली. "ए पहिलवान, आता मार की!" लिंबाजीच्या मानेची शीर टरारून फुगली. वाजवायचं मात्र चुकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर तो टेम्पोमागे गेला आणि दणदण आवाज यायला लागले. आम्ही धावलो तर हा टेम्पोच्या पत्र्यावर बुक्क्या मारतोय, पत्रा आत गेलाय आणि हाताची सालटी निघालीत. अण्णा भडकला, "टेम्पो तुझ्या बापाचा हाय का बे?" लिंबाजी धापा टाकत म्हणाला, "पत्र्यावर उचलला, अण्णा. माणसावर न्हाई."

निवडणूक जवळ आली तसा दत्ता आमच्या शेडवर आला. आईने भीतभीत चहा दिला. लिंबाजी तारा जुळवत होता.

"साहेबांनी बोलावलंय."

"माझं काम लागलंय, दत्ता."

"कसलं काम? डुंग डुंग?"

"हां. डुंग डुंग."

दत्ताने कप खाली ठेवला. "ह्या फळीपायी साहेबाला न्हाई म्हनतूस? बघ बाबा. हात ऱ्हायले तर वाजवशील." तो गेल्यावर मी लिंबाजीला म्हटलं, चार पोरं सोबत ठेव. तो म्हणाला, "पोरं ठिवली की ती मारत्यात, ताई. मंग मी काय येगळं केलं?" मला त्याचं हे शहाणपण मुळीच पटलं नाही. मी त्या दिवसापासून पर्समध्ये मिरचीपूड ठेवायला लागले.

मग दिंद्रुडचं जावळ झालं. लिंबाजीच्याच नात्यातल्या एका मुलाचं. दुपारची वेळ, बाजारतळावर मांडव, मटणाच्या पंगती बसलेल्या. मेंढरामागची माणसं, प्रत्येकाच्या मांडीशेजारी काठी. मुलाच्या टकलावर हळद लावून त्याला आजीच्या मांडीवर बसवलं होतं आणि मी देवीचं गाणं धरलं होतं. तेवढ्यात जीप आली. दत्ता चार माणसं घेऊन सरळ स्टेजवर चढला. लिंबाजीच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाला. लिंबाजीने नाही म्हणून मान हलवली आणि वाजवत राहिला. दत्ताच्या हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती. ती त्याने वर केली आणि गिटारच्या मानेवर असलेल्या लिंबाजीच्या डाव्या हातावर घातली.

तो आवाज गिटारमधून थेट स्पीकरमध्ये गेला. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्या मांडवाने ऐकला. दुसरा घाव बसला तेव्हा रक्ताचे थेंब माझ्या साडीवर आले. लिंबाजी गुडघ्यावर बसला, ढोलकी थांबली आणि पंगतच्या पंगत उठली. ताटं उलटली, रस्सा सांडला, काठ्या वर झाल्या. दत्ताच्या माणसांनी सदऱ्याखालून कोयते काढले. पहिल्या रांगेत बायका आणि लेकरं होती. पुढच्या क्षणी काय होणार ते मला दिसत होतं, आणि खरं सांगते, मला ते व्हायला हवं होतं. दत्ता लिंबाजीच्या हाताच्या अंतरावर उभा होता. उजवा हात धड होता, तोच आष्टीच्या बाजारातला हात. माझ्या हातात माइक होता आणि मी त्यातच किंचाळले, "मार त्याला, लिंबाजी! फोड त्याचं डोस्कं!"

लिंबाजीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच दारू पिऊन आले आहे. मग तो एका पायावर जोर देऊन उठला. डावा हात पोटाशी लोंबत होता. उजव्या हाताने त्याने ती जाड तार छेडली. नुसती, न दाबता. दाबायला धड बोटंच नव्हती. एकदा, पुन्हा, पुन्हा, त्याच्या त्या न हलणाऱ्या ठेक्यात. मला म्हणाला, "ताई, म्हना."

मी हललेच नाही. तो ओरडला, "म्हना की! लेकरं हायत म्होरं!"

ढोलकीवाल्याला आधी सुचलं, त्याने ठेका उचलला. अण्णाने तारेच्या सुराला सूर लावला. माझ्यासाठी तो फार खालचा होता, घसा खरवडत होता, पण मी गायले. रडत, शिव्या गिळत देवीचं गाणं गायले. वरून माझं गाणं कुठेही जावो, खाली ती एकच तार वाजत होती. काठी उगारलेला एक म्हातारा घोटाळला. त्याने लिंबाजीकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं आणि मटकन खाली बसला. त्याच्या मागचे बसले. हळूहळू मांडव बसला. दत्ताने तिसऱ्यांदा टॉमी उचलली होती, ती तशीच हवेत राहिली. हात मोडूनही वाजवत राहणाऱ्या माणसाला, तेही एवढ्या बसलेल्या लोकांसमोर, मारायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्याच माणसांनी त्याला दंडाला धरून खाली ओढलं. जीप निघून गेली. लिंबाजीने गाणं शेवटपर्यंत नेलं आणि मग गिटारसकट आडवा झाला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात जबाब घ्यायला हवालदार आला. आमच्याकडे अशा वेळी 'टेम्पोतून पडलो' एवढंच सांगायची रीत आहे, आणि अण्णाने त्याला तेच पढवून ठेवलं होतं. लिंबाजीने दत्ताचं नाव सांगितलं. बापाचं नाव, गाव, आणि कुणी पाठवलं तेही. हवालदाराने पेन थांबवलं. "परत इचार कर, बाबा." अण्णा हात जोडायला लागला. लिंबाजी म्हणाला, "अण्णा, हात उचलायचा न्हाई हे ठरलं व्हतं. नाव घ्यायचं न्हाई, हे कवा ठरलं?"

दत्ता आत गेला. पुढाऱ्याने अशा नावाचा माणूस आपण ओळखतच नाही, असं जाहीर केलं. आठवड्याभरात आमचा टेम्पो दारात जळाला, कार्यक्रमांची आमंत्रणं बंद झाली. लिंबाजीच्या घरावर दगड पडले आणि त्याच्या बायकोच्या डोक्याला खोक पडली. तेव्हा नातेवाइकांनीच ठरवलं की त्याने बायकापोरं घेऊन पुण्याकडे मेव्हण्याकडे जावं. जायच्या दिवशी मी तेलगाव फाट्यावर गेले. डाव्या हाताची बोटं आत वळून आखडली होती, आता ती कधी उघडणार नव्हती. काळी खांद्यावर होती. मी म्हटलं, त्या हाताने आता काय वाजवणार आहेस? तो म्हणाला, चारी तारा गाण्याच्या सुरात लावायच्या आणि मोकळ्याच वाजवायच्या, बसतंय हळूहळू.

मला राहवेना. इतके दिवस गिळलेलं मी त्याला विचारलंच. "उजवा हात धड व्हता तुझा. दत्ता नुसता समोर उभा व्हता. तुला वाचवायला अख्खा मांडव उठला व्हता. कावून न्हाई मारलंस रे?"

माझ्या आवाजाने फाट्यावरचे लोक वळून बघायला लागले. लिंबाजीने बायकोला आणि पोरांना पुण्याकडे निघालेल्या भाड्याच्या जीपमध्ये बसवलं, मग गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"मारायला हिला खाली ठिवावं लागलं असतं, ताई," तो म्हणाला.