आमच्या लिंबाची फुलं

आमच्या दारातला कडुलिंब विजेच्या तारांखाली उगवला, हीच काय ती त्याची चूक. दर उन्हाळ्यात वायरमन यायचे आणि त्याला असं काही छाटायचे, की बघवायचं नाही. एका वर्षी तर त्यांनी बजावलंच, "पुन्हा तारेला लागलं तर बुडातनं काढणार." आप्पा, म्हणजे माझे वडील, धड जेवले नाहीत त्या दिवशी. सोलापूरच्या उन्हात दारात सावली असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही हो!

उपाय सांगितला आप्पांच्या माळशिरसच्या मावसभावानं. आंब्याच्या बागेत शेंड्यांची वाढ रोखायला एक औषध मुळाशी ओततात, ते शहरातल्या झाडांनाही चालतं म्हणे. आप्पांनी बुडाभोवती गोल चर खणला, औषध पाण्यात कालवून ओतलं आणि आम्हाला दम भरला, "आता ह्या झाडाचं काय बी तोंडात घालायचं न्हाय. पाडव्याला बी न्हाय."

तिथंच घोळ झाला. समोरच्या अक्का तेलुगू, घरात यंत्रमाग. पाडव्याला त्यांच्याकडं चिंच, गूळ, कैरी आणि लिंबाची फुलं घालून पच्चडी करतात. फुलं कायम आमच्या झाडाची. भल्या सकाळी आप्पा शिडीवर, खाली अक्का पदर पसरून, आणि तोंडाचा पट्टा चालू. "अवो, पानं नको, फुलं टाका की!"

त्या पाडव्याला आप्पांनी त्यांना दारातनंच परत पाठवलं. "काय ओ, झाडाला विष घातलात?" एवढंच बोलून अक्का गेल्या आणि पुन्हा कधी फुलं मागायला आल्या नाहीत. पच्चडीची वाटी मात्र दरवर्षी यायची, बाजारातल्या फुलांची. आप्पा बोटानं चाखायचे. "आपल्या झाडाची चव न्हाय ही," म्हणायचे आणि डोळे पुसायचे.

झाड वाचलं, हे खरं. फांद्या आखडल्या, पानं बारीक झाली, पण सावली दाट राहिली.

आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. औषध पुन्हा कुणी घातलंच नाही. त्याचा जोर ओसरला आणि यंदा शेंडे सरळ तारेकडं निघाले. मी औषध आणून ठेवलं. अक्का काठी टेकत आल्या, वर बघत राहिल्या.

"घालणार हायस?"

"घालावंच लागंल की अक्का. कापतील नाहीतर."

"घाल. पण ह्या पाडव्यापुरतं थांब की गं."

थांबले. पाडव्याला शिडीवर मी चढले. खाली अक्का पदर पसरून उभ्या. मी पहिली डहाळी टाकली तशा त्या सवयीनं ओरडल्या, "अवो, पानं नको..." आणि मधेच गप्प झाल्या. मलाही पुढचं दिसेना.

संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून चर खणला. औषध अक्कांनीच ओतलं.