अण्णांच्या केळीतली आगगाडी

इंजिनाची राखपेटी रोज रिकामी करा, दुसऱ्या दिवशी ती भरलेलीच! आमच्या किश्शांचं तसंच आहे. आमच्या गावच्या लालबागला, स्टेशनसमोर चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. पूर्वी सांगणारे आम्ही चौघं होतो. आता मी आणि अण्णा पाटील. एक सांगतो, दुसरा ऐकतो, आणि शेवट दोघांनाही माहीत असतो.

मी मास्तर, शाळेत फिजिक्स शिकवायचो. अण्णांची इच्छापूर रोडला केळी. सलीम उस्तादांचं लेथ मशीन, पॉवरलूमचे पार्ट बनवायचे. आणि महाजन म्हणजे रेल्वेतले रिटायर्ड फिटर, तरुणपण वाफेच्या इंजिनांखाली झोपून काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, कोळसा खाणारं, वाफेवर पळणारं, खरंखुरं पण जेमतेम मांडीएवढं इंजिन बनवायचं. रुळांत अंतर वीतभर. मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर घोड्यावर बसतात तसं बसायचं. रूळ टाकले अण्णांच्या केळीत, गोल. सहा वर्षं लागली!

* * *

बॉयलरला पहिल्यांदा आग दिली तो दिवस. महाजनांनी आम्हाला पन्नास पावलं लांब, विहिरीमागं उभं केलं. स्वतः मात्र इंजिनाला गाल लावून बसले.

मी ओरडलो, "महाजन, तुम्ही पण या ना इकडं! फुटलं तर?"

तिकडून उत्तर आलं, "फुटलं तर काय चुकलं ते पाहाले कोणी जवळ नको का?"

नाही फुटलं. पण वहिनी, म्हणजे महाजनांची बायको, त्या दिवशी उपाशी होत्या हे आम्हाला फार नंतर कळलं.

* * *

इंजिनाची चाकं उस्तादांनी घडवली. पाचव्या चाकाच्या वेळी लेथमध्ये डाव्या हाताची तर्जनी गेली. मी आणि महाजन धावत दवाखान्यात पोचलो. उस्ताद पांढरेफटक, हाताला एवढं मोठं बँडेज. महाजन म्हणाले, "उस्ताद, माझ्यापायी झालं हे. बंद करू आपण. नाही बनवायचं इंजिन."

उस्ताद भडकले! "बंद क्यों? उंगलियाँ नौ और हैं मेरे पास. पहले जाके देखो, पहिया तो नहीं बिगड़ा?"

चाक बिघडलं नव्हतं. महाजनांनी ते पुढं डाव्या बाजूलाच लावलं. कोणी विचारलं तर सांगायचे, "हे उस्तादाचं बोट."

* * *

रील बनवणारे एक साहेब आले इंदूरहून. गॉगल, ड्रोन, सगळा थाट. दोन चक्कर झाल्यावर महाजनांना म्हणतात, "अंकल, धुआँ कम आ रहा है. एखादा टायर टाका ना भट्टीत!"

महाजनांनी शांतपणे हात पुसले. "बेटा, घरचं कोणी गेलं की चितेवर पण टायर टाकतो का? व्हिडिओ चांगला येतो म्हणून?"

साहेब ड्रोन घेऊन गेले. आम्ही हसलो. महाजन नाही हसले.

* * *

एका मे महिन्यात वादळ आलं. अर्धा तास, बस्स! अण्णांची केळी निसवलेली, घड भरत आलेले. सगळी बाग आडवी. रुळांवर खोडं, खोडांवर खोडं. आम्ही पोचलो तेव्हा अण्णा बांधावर बसले होते.

पटवारी येऊन नुकसान पाहून गेला. मग सडायला लागलेला माल शेताबाहेर काढायचा प्रश्न आला. चिखल इतका की ट्रॅक्टर आत शिरेना. महाजनांनी न विचारता खोडं बाजूला केली, आग पेटवली, ट्रॉल्यांवर घड रचले आणि निघाले. तीन दिवस फेऱ्या. उस्ताद भरायचे, मी उतरवायचो.

तिसऱ्या दिवशी अण्णा पहिल्यांदा बोलले. "लोकांचा माल रेल्वेनं दिल्लीला जातो मास्तर. माझा उकिरड्यावर चालला. पण गेला रेल्वेनंच ना!"

आणि हसले. तसलं हसू परत ऐकायला नको.

* * *

उस्तादांची छाती आधीपासून खराब. आयुष्यभर कापसाची धूळ आणि लोखंडाचा कीस. शेवटी दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. मी शेजारी बसलेलो. त्यांची नजर सारखी सिलिंडरच्या प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळावर.

"मास्तर," मास्क बाजूला करून म्हणाले, "सुई गिर रही है. महाजन को बोलो, पहले पानी देखे."

मी नर्सला बोलावलं. तिनं लगेच सिलिंडर बदलला.

सकाळी जाऊन पाहिलं तर सुई अगदी भरल्या खुणेवर होती. पलंग रिकामा होता.

* * *

पहिले पाणी पाहायचं. इंजिनावर बसणाऱ्या प्रत्येकाला महाजन हेच शिकवायचे. बाकी काही विसरा, पण बॉयलरच्या काचेतलं पाणी विसरू नका. भट्टीच्या छतात शिशाचं एक बूच असतं. पाणी संपलं की ते वितळतं, वाफ खाली येते आणि आग विझते. नाहीतर बॉयलर फुटतो.

उस्ताद गेल्याच्या पुढच्या वर्षी एका रविवारी इंजिन मधेच फुस्स करून थांबलं. भट्टीतून नुसती वाफ. बूच वितळलेलं! पाणी कोणी पाहायचं होतं? महाजनांनीच.

ते रुळावर मटकन बसले. त्याच्या आधी दोनदा ते घरचा रस्ता चुकले होते, वहिनींनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

"होतं असं कधी कधी," मी म्हटलं.

"नाही होत मास्तर," ते म्हणाले. "बॉयलरले बूच असतं. माणसाले नसतं."

* * *

पुढं पुढं त्यांना कोणीच ओळखू येईना. मला ते "साहेब" म्हणायचे, अण्णांना "ओ भाऊ". वहिनींना घरकामाची बाई समजून चपला कुठं ठेवल्या ते विचारायचे. मुलगा पुण्याहून आला, म्हणाला, आता इंजिन-बिंजिन काही नको, भाजून घेतील.

वहिनींनी ऐकलं नाही. मला फोन केला, "भाऊजी, एकदा बसवा त्यांना. मी मागं बसते."

अण्णांनी आणि मी आग पेटवली. महाजनांना धरून आणलं, सीटवर बसवलं. त्यांनी आधी वाकून काच पाहिली. पाणी पाहिलं! मग नळ्यांत साचलेलं पाणी काढलं, शिट्टी दिली, आणि हलक्या हातानं गाडी सोडली. एक धक्का नाही. अख्खी चक्कर त्यांनी अशी मारली की मी तीस वर्षांत वर्गात एवढा बिनचूक धडा घेतला नसेल.

मागच्या ट्रॉलीवर वहिनी, पदर डोक्यावर, हात मांडीवर. एकट्याच प्रवासी.

विहिरीजवळ गाडी थांबली. महाजनांनी ब्रेक लावला, मागं वळून पाहिलं.

"बाई, उतरा आता. गाडी इथपर्यंतच जाते."

वहिनी बसूनच राहिल्या.

"उतरा ना," महाजन अगदी मायेनं म्हणाले. "घरी कोणी वाट पाहत असतीन तुमची."

वहिनी म्हणाल्या, "नाही हो. वाट मीच पाहून राहिले."